दुसरी रेष

“आण ती बाटली इकडे, मी भरून देते,” संडासाच्या दारातच मावशी म्हणाली. “माझं सगळं केव्हाच थांबलंय. माझ्या लघवीत कसली आलीय दुसरी रेष!”

रांगेतल्या बायका फिदीफिदी हसल्या. कपडे शिवायच्या त्या कारखान्यात कंत्राट वाढवायच्या आधी गेटजवळच्या खोलीत लघवीची तपासणी व्हायची. पट्टी बुडवायची आणि वाट बघायची. एक रेष उमटली की बाई आत. दोन उमटल्या म्हणजे पोटात बाळ, मग बाई घरी. असला नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण पाळला मात्र इमानेइतबारे जायचा. दोरे कापणारी ही मावशी म्हणजे त्यावरचा उतारा. कितीतरी पोरींच्या नोकऱ्या तिने अशाच वाचवल्या होत्या.

रांगेत पुढे शर्टांची काजं करणारी उभी होती. तिने बाटली घट्ट धरली. “नको मावशी. माझं मीच देते.”

“डोकं फिरलंय का तुझं? सरळ हाकलतील!”

“हाकलू देत.”

गेल्या खेपेला तिने मावशीनेच भरलेली बाटली दिली होती. पास झाली. मग ओव्हरटाइम केला, कापडाचे गठ्ठे उचलले, आणि पाचव्या महिन्यात सगळं संपलं. घरात कोणी एका शब्दाने बोललं नाही. तेच तिला जास्त लागलं.

या वेळी घरी तपासलं तेव्हा दोन ठळक रेषा आल्या होत्या. तेव्हापासून तिने गठ्ठ्याला हात लावला नव्हता. नोकरी तेव्हाच सोडता आली असती. पण आधीचं बाळ लपवण्यात गेलं होतं; हे दुसरं तिला कारखानेवाल्यांच्या नाकावर टिच्चून दाखवायचं होतं. नवराही म्हणाला होता, “दोन रेषा दाखव आणि ताठ मानेने घरी ये. बघू पुढचं पुढे.” सुरुवातीला मळमळीने जीव नकोसा झाला होता. अलीकडे तीही थांबली होती. सासू कौतुकाने म्हणाली, “पोर गुणाचं आहे हो, आईला छळत नाही.”

गेटजवळच्या खोलीत नर्सबाईने तिच्या बाटलीत पट्टी बुडवली, टेबलावर ठेवली आणि मोबाइल बघत बसली. थोड्या वेळाने तिने नजर टाकली.

“पास. चला, पुढची कोण?”

“बाई, नीट बघा. दुसरी यायला वेळ लागतो.”

“झाला की वेळ. एकच आहे.”

“पट्टी खराब असेल. दुसरी लावा ना. पाया पडते तुमच्या.”

नर्सबाईने वैतागून दुसरी पट्टी काढली. काजं करणारी टेबलावर वाकून बघत राहिली. एक रेष आली. तिच्या शेजारची जागा पांढरी ती पांढरीच राहिली.

“कमाल आहे बाई तुझी! बाकीच्या एक रेष यावी म्हणून जीव टाकतात, आणि तू भांडतेस? जा, कामाला लाग.”

ती आत आली. एक हात पोटावर होता. बायकांनी तिला गराडा घातला. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी गाल ओढला. मावशीने तर पाठीत जोरात थाप मारली.

“छुपी रुस्तम निघालीस की! कोणाची दिलीस गं शेवटी?”

“माझीच,” ती म्हणाली.