लांडगा बाहेर, शेळी आत

कारखान्याच्या तपासनीस पाखोमोव्हनाबाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि एकात एक बसणाऱ्या बाहुल्यांचा बारावा संच हातात घेतला. आधीचे अकरा त्यांनी पाहून पेटीत भरले होते. टेबलापलीकडे आग्राफेना उभी होती. डोक्याचा रुमाल तिने डाव्या डोळ्यावर येईल इतका पुढे ओढला होता.

याच एका संचासाठी ती महिनाभर जीव मुठीत धरून थांबली होती. तोंडाने सांगायची सोय नव्हती. कारखान्याची गाडी महिन्यातून एकदा गावात येई, आणि बाई घरात असेपर्यंत तिचा नवरा निकिफोर बाकावरून हलत नसे. शेजारणींना सगळं ऐकू जाई. त्या खिडक्या लावून घेत. मग तिने ब्रश उचलला. निकिफोर कातारी होता, लेथवर लाकूड कातणारा. बाहुल्या तोच कातून द्यायचा, पण रंगवलेली बाहुली त्याने जन्मात कधी निरखून पाहिली नव्हती. ते बायकांचं काम, असं तो म्हणे.

"हे काय गं, ग्रुशा?" बाई आग्राफेनाला म्हणाल्या. "लांडगा बाहेर?"

बघा, आग्राफेना मनात म्हणाली. नीट बघा.

बाईंनी लांडगा कमरेत पिळून उघडला. आत शेळी निघाली. शेळीच्या आत एकाहून एक लहान सहा करडं, आणि शेवटी सातवं, गोष्टीतल्या लांडग्यापासून चुलीत लपून वाचलेलं, वालाच्या दाण्याएवढं. ते उघडत नाही. बाकीच्या बाया त्याला हसरं तोंड काढत. आग्राफेनाने त्याचे दोन्ही खूर तोंडावर दाबून धरलेले काढले होते.

"गोष्ट विसरलीस की काय?" बाईंनी सगळ्या बाहुल्या ओळीने मांडल्या. "पहिली शेळी, शेळीच्या पोटात लांडगा, त्याच्या पोटात पोरं. आई सगळ्यात बाहेर. तीच आत गेली, तर पोरांना सोडवायला येणार कोण? तुझा बाप?"

निकिफोर खो खो हसला. "डोकं म्हणून नाहीच हिला, बाई. मी रोज सांगतो."

"आणि शेळीच्या डोळ्याभोवती निळा रंग सांडलाय."

"सांडला नाही," आग्राफेना म्हणाली. तिने रुमाल बोटभर मागे सारला. पण बाई मान वर करायला तयार नव्हत्या. तीस वर्षं त्या बाहुल्यांमधल्या चुका शोधत आल्या होत्या, आणि एक चूक सापडली की दुसरी सापडेपर्यंत त्यांना चैन पडत नसे.

"सांडला नाही म्हणजे मुद्दाम काढलास? कमाल आहे बाई तुझी. आणि हे बघ, लांडग्याच्या डाव्या पंजाला तीनच बोटं! बाकीची दोन कुठं गेली?"

निकिफोरचं हसू थांबलं. त्याचा डावा हात चहाच्या पेल्याशेजारी होता. त्यातली दोन बोटं लेथने खाल्ली होती, लग्नाच्याही आधी. त्याने लांडग्याकडे पाहिलं, मग हाताकडे. मग हात टेबलावरून उचलून मांडीवर ठेवला.

टेबलाच्या टोकाला त्यांची आठ वर्षांची मुलगी लुशा मुरंब्याचा चमचा चाटत बसली होती. ती बाकावरून खाली घसरली आणि आवाज न करता चुलीमागच्या सांदीत शिरली. तिला ते सांगावं लागत नसे.

"घासून काढ आणि पुन्हा रंगव," म्हणत बाईंनी बाहुल्यांची ती रांग निकिफोरच्या पुढ्यात सरकवली. सगळ्यात धाकटं करडू घरंगळत काठाशी आलं. आग्राफेनाने ते वरच्यावर झेललं. "लाकूड मात्र झकास हो, निकिफोर," बाई म्हणाल्या. "कातकामात खोट काढायला जागा नाही."

दारात आग्राफेनाने बाईंची बाही धरली. "बाई, आम्हाला दोघींना गाडीतून..."

"अगं वेडे, एवढ्यासाठी रडतेस?" बाईंनी तिचा हात थोपटून सोडवला. "होतात चुका. पुढच्या महिन्यात नेईन की."

पेटी गाडीत चढली. गाडी चिखलातून वळून पुलाकडे गेली. आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत आग्राफेना उंबऱ्यावर थांबली, मग दार लावून आत आली.

निकिफोर बाहुल्या मिटायला बसला होता. त्याला कसलीही घाई नव्हती. संच आतल्या बाजूने मिटत यावा लागतो. त्याने तीन बोटांनी सहाव्या करडाचे दोन अर्धे जवळ ओढले, टेबलावर इकडे तिकडे चाचपलं आणि मान वर केली.

"धाकटं कुठंय?"

आग्राफेनाने मूठ पाठीमागे नेली. चुलीकडे बघायचं नाही, तिने स्वतःला बजावलं. काही झालं तरी चुलीकडे बघायचं नाही.