न कलंडणारा पेला

"हाही नको," अप्पा म्हणाले आणि पेला खाली ठेवला.

टेबलावर कॉफीचं तळं झालं होतं. नित्यानं ते पुसलं, पेल्याचा कान निरखला आणि टॅब जवळ ओढला.

नित्या वस्तूंची डिझाइनर होती. बेंगळुरूच्या कंपनीसाठी मिक्सरची झाकणं, कुकरचे कान असलं काहीबाही ती घडवायची, आणि अलीकडे तंजावरच्या घरूनच काम करत होती. घरी राहायला आली तेव्हा सुरुवातीला ती पेन्सिलीनं स्केचेस काढून हॉलच्या भिंतीला लावायची. अप्पा, म्हणजे तिचे वडील अनिरुद्धराव, यांचा जन्म पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात गेलेला. अंघोळ करून, कपाळावर गंधाची सरळ उभी रेघ ओढून ते रोज सकाळी भिंतीपुढे उभे राहत. कौतुकाची त्यांना ॲलर्जी होती. चूक सापडली नाही की पुढे सरकत, एवढंच.

एके सकाळी कुकरच्या कानाच्या स्केचपाशी ते बराच वेळ थांबले. काय चुकलं, असं नित्यानं विचारलं. काही नाही, म्हणाले. त्याच दुपारी त्यांच्या हातून कॉफीचा पेला पहिल्यांदा कलंडला.

मग रोजच कलंडू लागला. डॉक्टरांचं नाव काढलेलं त्यांना चालेना. वेंकूबाईंनी, त्यांच्या थोरल्या बहिणीनं, पेला तोंडाशी धरायला हात पुढे केला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "दुसऱ्याच्या हातानं प्यायची पाळी आली तर मी कॉफी सोडीन, अक्का."

नित्यानं पुढचा हिशेब मांडला. आज कॉफी, उद्या सांबारभात, परवा खोलीबाहेर येणंच बंद होईल. तिनं ठरवलं, अप्पा स्वतःच्या हातानं पितील. या घरात शेती फारशी उरली नव्हती, पण हट्ट मात्र वाडवडिलांपासून भरपूर होता.

शोकेसमध्ये तंजावरची डोलणारी बाहुली होती. कितीही ढकला, उभी राहणार. नित्यानं तिच्यासारखा पेल्याचा तळ गोल आणि जड केला. वर झाकण, झाकणाला चोच.

"थरथर मनगटातून येते, अत्या," ती वेंकूबाईंना समजावत होती. "धरायला गेलं की वाढते. कुणी बघतंय असं वाटलं की आणखी वाढते."

"तुला बरं इतकं ठाऊक."

"अभ्यास करावा लागतो."

चोचीवरून महाभारत होणार, अशी तिची खात्री होती. अप्पांनी उभ्या आयुष्यात भांड्याला ओठ लावला नव्हता. पाणी असो, कॉफी असो, वरून ओतून घ्यायचे. पण ते नुसतं "चालेल" म्हणाले. नित्याला आनंद झाला आणि लगेच वाईटही वाटलं. असा माणूस सोवळं सोडतो, म्हणजे आतून किती खचला असेल.

नमुने तिरुचीहून थ्री-डी प्रिंटरवर छापून, बसच्या पार्सलनं येत. अप्पा दर वेळी म्हणत, आधी तू धरून बघ. ती पाणी भरून बघे. थोडं सांडे. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कधी चोच उंच झालेली, कधी तळ हलका पडलेला. कान जाड आहे, अशीही एकदा अप्पांची तक्रार आली. माझी बोटं सुकलीत, बारीक कर, म्हणाले. तिनं बारीक केला.

भिंत एव्हाना मोकळी पडली होती. टॅबवर रेघ आपोआप सरळ होते, काम लवकर उरकतं, असं नित्यानं सांगितलं होतं. अप्पांनी वाद घातला नाही. ती स्वतः हल्ली अर्धाच पेला कॉफी घ्यायची. झोप येत नाही म्हणून कमी केली, असं तिचं म्हणणं. त्यावरही ते बोलले नाहीत.

आणि आज हा नमुनाही नाकारला.

"आता काय राहिलं, अप्पा?"

"अंगठ्याची जागा. डाव्या हाताला बसेल अशी कर. उजव्याचं काही खरं नाही."

वेंकूबाईंच्या हातातली पळी वाजली. डावरी म्हणून याच माणसानं लहानपणी नित्याचा हात पानावर किती वेळा झटकला होता. अजून ती लिहायची डाव्यानं आणि त्यांच्यासमोर जेवायची उजव्यानं. नित्यानं डोळे पुसले आणि चित्र उलटं करायला घेतलं.

शेवटचा नमुना आला तो स्टीलचा. तिनं तो काठोकाठ भरला, डाव्या हातात धरला, अंगणातून चालत फेरी मारली, मुद्दाम वाकडा केला. फरशीवर थेंब नव्हता. तिला ओरडावंसं वाटलं. अत्या देवळात गेली होती. पाणी ओतून टाकून ती पेला घेऊन स्वयंपाकघराकडे धावली.

अप्पा पाठमोरे उभे होते. उजव्या हातातला पेला डोक्याच्याही वर, डाव्या हातातला डबरा, म्हणजे कॉफीची पसरट वाटी, पार कमरेशी. मधून कॉफीची एकच बारीक धार पडत होती. पेल्यातून डबऱ्यात, डबऱ्यातून पुन्हा पेल्यात. फेस वर आला. ओटा कोरडा होता.

नित्या उंबऱ्यातच थांबली.

अप्पा वळले. ते ओशाळले नाहीत, घाईही केली नाही. त्यांनी तिच्या हातातून नवा पेला घेतला, काठोकाठ भरला, झाकण लावलं आणि कान तिच्या डाव्या हाताकडे फिरवून पुढे धरला.

"कुकरच्या कानाची रेघ हलली होती गे," ते म्हणाले. "घे. आता अर्धाच प्यायला नको."