सगळ्यांना कळवलं होतं

चार जणांनी सुरू केलेला फर्निचरचा कारखाना दीडशे माणसांचा झाला, तसा कुणाचा पायपोस कुणाच्या पायात राहिना. म्हणून मालकांनी फोनवर सगळ्यांचा एक ग्रुप काढला. दिवसभर त्यावरचे निरोप उरकता उरकता त्यांचा जीव मेटाकुटीला यायचा.

आज कित्येक महिन्यांनी ते वरच्या ऑफिसातून खाली कारखान्यात उतरले. त्या पहिल्या चौघांतल्या मिस्त्रींच्या जागी दुसराच कुणी रंधा मारत होता.

“मिस्त्री कुठे आहेत?”

“वारले, साहेब. तीन आठवडे झाले,” सुपरवायझर चाचरत म्हणाला. “ग्रुपवर कळवलं होतं.”

मालक म्हणाले, “अरे, वर येऊन सांगायचं ना मला.”

“निघालोच होतो, साहेब. पण निरोपाखाली पहिला अंगठा तुमचाच आला.”