वाळवंटातलं एकटं झाड

राजधानी विंडहुकहून आलेल्या फोटोवाल्या साहेबानं कुइसेब नदीकाठच्या आमच्या शाळेत पडदा लावला आणि विमानातून, दिवस मावळताना काढलेले वाळवंटाचे फोटो दाखवले. "बघा, मैलोन्‌मैल माणूस नाही! हे फोटो बघूनच हा पट्टा राखीव करायचं ठरलंय. आता तिथं कुणी पाय ठेवायचा नाही." हे तो तिथल्याच माणसांना सांगत होता.

जस्टिना आत्या काठी टेकत पडद्यापाशी गेली. "हे काळे ठिपके कसले रे?"

"रानटी झुडपं, आजी."

"रानटी असेल तुझा बाप! नारा-खरबुजाच्या जाळ्या आहेत त्या. ही माझी, आईकडून आलेली. ही बहिणीची. आणि ही फ्रेड्रिकाची, पण फळं तिचा दीर पळवतो."

सगळी शाळा हसली. साहेबही कसंनुसं हसला.

"बरं, आणि हे?" पुढचा फोटो आला तसं आत्यानं विचारलं.

"हा माझा सगळ्यात गाजलेला फोटो. एकटं वठलेलं झाड. वरून खोड नीट दिसत नाही, पण ऊन तिरपं होतं, म्हणून सावली बघा केवढी लांब पडलीय. दोन फांद्या कशा वर गेल्यात!"

"तिथं झाड कधीच नव्हतं," आत्या म्हणाली. "तू तीन घिरट्या घातल्यास, मला वाटलं वाट चुकलास. दोन्ही हात वर करून घसा फुटेस्तोवर ओरडत होते मी, गाव इकडं आहे म्हणून."