रेडिओवरचं नाव

मा क्लोटीलनं आपल्या मरणाची बातमी जिवंतपणीच लिहून ठेवली होती. सेंट लुशियात अशी बातमी मागे राहिलेल्या नातलगांच्या नावांसकट रेडिओवर वाचतात, आणि कोण कुणाचं ते सगळ्या बेटाला तेव्हाच कळतं. एकवीस नातवंडांत जो रविवारी जेवायला आला नाही, त्याच्या नावावर म्हातारी काट मारायची. लंडनचा नातूसुद्धा घाबरून फोन करायचा.

सून इर्मिना तीस वर्षं ते जेवण रांधत होती. "मा, माझं नाव घातलंत का हो?"

"आधी खाऱ्या माशातलं मीठ नीट काढायला शीक. मग बघू."

म्हातारी गेली. सगळं गोत रेडिओभोवती कान टवकारून बसलं. इर्मिना तेवढी आत भांडी आपटत राहिली. काट मारायलासुद्धा नाव आधी असावं लागतं!

निवेदक वाचू लागला, "क्लोटील. इर्मिनाची आई..."

पातेलं हातातून सुटलं.

"...आणि इर्मिनाच्या नवऱ्याचीही." मग एकवीसच्या एकवीस नातवंडांची नावं वाचून झाली. "रविवारचं जेवण यापुढेही इर्मिनाकडेच. मासा खारट लागेल. कुणी तोंड वाकडं करायचं नाही."