पाठमोरी बाई

"ही बाई आहे की जनावर?"

सरांनी पहिलंच वाक्य असं लिहिलं होतं. खाली दीपिकाच्या चित्रावर लाल रेघ, थेट पाठीवरून मारलेली.

सिंदेवाहीच्या बसस्टँडमागं जुबेरभाईचं सायबर कॅफे होतं. तीन कॉम्प्युटर, एक स्कॅनर, आणि लाइट गेली की सगळ्यांनी बाहेर येऊन चहा प्यायचा. दीपिका बारावीची. गावाहून एसटीनं यायची, चित्र स्कॅन करून पुण्याच्या सरांच्या ऑनलाइन क्लासला पाठवायची आणि पुढच्या खेपेला बोलणी खायची. उभा माणूस पास झाला होता. चालणारा, ओझं उचलणारा, तेही पास. गाडी अडली ती उकिडव्या बाईपाशी.

जुबेर मागून वाचायला लागला. "'बाई खाली बसून वाकली की मागून डोकं, हात काहीच दिसत नाही. नुसती पाठ उरते, चार पायांचं काहीतरी वाटतं. पुन्हा काढ.' लो! कोण होती हे?"

"आमची आत्याबाई. अंगण सारवून राह्यली होती."

"तिले नको सांगू. झाडूनं मारंल."

दोघं पोट धरून हसले.

सोमारी आत्याबाई म्हणजे दीपिकाच्या बाबांची मोठी बहीण. नवरा वारला तशी माहेरी आली. पुढं दीपिकाची आई गेली, आणि घर सोमारीच्या हातात आलं. जंगू, म्हणजे दीपिकाचा बाप, आंघोळीलाही बहिणीला विचारून जायचा. दीपिकाची चित्रं ती चूल पेटवायला घ्यायची. "एवढं मात्र आहे, पेटते चांगलं," म्हणायची.

कोर्स पास झाला की नागपूरच्या चित्रकलेच्या कॉलेजात जायचं, हे दीपिकाचं ठरलेलं. आत्याबाईनं वेगळं ठरवलं होतं. आरमोरीचा मुलगा, तिच्या सासरकडचा. अक्षय तृतीयेला लग्न.

"नागपूरले जाऊन का करशील? नागड्या माणसाईचे चित्र काढशील?"

"बाबा, तुम्ही तर बोला," दीपिका म्हणाली.

जंगूनं बहिणीकडं पाहिलं आणि बिडी पेटवली.

दीपिका सिंदेवाहीला जात राहिली. एकदा तर एसटीतून उतरली ती गाणं म्हणतच.

"काऊन वं, पास झाली का?" आत्याबाईनं विचारलं.

"नाई. एक राह्यलं." आणि ती हंडा घेऊन पाण्याला गेली.

होळी झाली. मोहाची फुलं गळायला लागली. पहाटे गावभरच्या बाया टोपल्या घेऊन जंगलात जाऊ लागल्या. त्याच आठवड्यात वाघानं नाल्यापलीकडं एक गाय मारली. वनरक्षक कोलूभाऊ सायकलवर गावात आला.

"मोह वेचा, पण एकट्यानं उकिडवे बसून राहू नका. मागून वाघाले ढोर वाटते. मधीमधी उभे व्हा, गोंगाट करा."

"गोंगाटाची चिंता तू नको करू बाप्पा," एक म्हातारी म्हणाली, "आमच्यात सोमारी आहे ना!"

सगळ्यांत मोठ्यानं सोमारीच हसली.

संध्याकाळी दीपिका तिच्या पायाला तेल लावायला बसली. आत्याबाई दचकलीच.

"एकच चित्र राह्यलं, आत्याबाई. उकिडवी बाई. तू बसशील? मोह वेचता वेचता?"

"मंग संपलं का तुहं हे खूळ?"

"संपलं."

"आरमोरीच्या पोराले हो म्हणशील?"

"म्हणीन."

"आईची आन घे."

"आईची आन."

दुसऱ्या दिवशी सोमारीनं केसांना तेल लावलं आणि ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढलं. इतर बाया तळ्याच्या वाटेनं गेल्या. दीपिका तिला नाल्याकडच्या मोहाखाली घेऊन गेली. तिथं फुलांचा सडा पडला होता.

"कशी दिसून राह्यली मी?"

"मस्त."

"तोंड इकडं करू?"

"नाई, तोंड नाई पाहिजे. पाठमोरं चित्र आहे."

सोमारीचा चेहरा जरासा उतरला. तरी ती वळली, खाली बसली. दीपिका पॅड काखेत मारून शेजारच्या झाडावर चढली.

"वर कायले गेली वं, माकडावानी?"

"उंचावरून आकार बरोबर कळते. आता बोलू नको, खांदे हलते."

"कोलूभाऊ म्हणे का—"

"मी पाहून राह्यली ना वरून. वाक अजून. हां, अशीच."

जन्मात पहिल्यांदा सोमारी गप्प बसली. फुलं टपटप पडत होती. एक तिच्या पाठीवर पडलं, तिनं झटकलं नाही.

मग नाल्याकडची वानरं एकदम खेकसली. सोमारीनं मान वळवायला घेतली.

"हलू नको, आत्याबाई. झालंच."

सोमारी हलली नाही.

सोमारीच्या तेराव्यापर्यंत घरात माणसं येत राहिली. दीपिकाला गावानं जपलं. पोरीनं डोळ्यांनी पाहिलं, बिचारी झाडावर होती म्हणून वाचली. ओरडून ओरडून बसलेला तिचा आवाज अजून नीट फुटत नव्हता.

जुबेर सिंदेवाहीहून भेटायला आला. जंगू त्याच्यासमोर लहान पोरासारखा रडला.

"बाई पोरीसाठी गेली, जुबेरभाई. लगीन मोडलं मी. दीपिकाले नागपूरले धाडतो. त्या शेवटच्या चित्रापायी बसली होती बिचारी, आता ते वाया नाई जाऊ देत."

"कोणतं चित्र, जंगूभाऊ?"

"उकिडव्या बाईचं. सरानं परत धाडलं होतं ते."

जुबेरनं कपबशी खाली ठेवली. दीपिकाकडं पाहिलं. दीपिका पायाच्या अंगठ्यानं जमिनीवर काहीतरी गिरवत होती.

"ते तर होळीच्या आधीच पास झालं, भाऊ. हिनं पेढे वाटले ना आमच्या कॅफेत."