रिकाम्या हातानं

“सोडा ती सतरंजी!” आकाराम ओरडला. “एक हात गळ्यात बांधलाय आणि दुसऱ्यानं ओढायलाय. जावा, आत जाऊन बसा.”

शांतवननं सतरंजी सोडली. आकाराम चर्चचा सेक्रेटरी, वयानं बारा वर्षांनी लहान, पण आज त्याचं ऐकण्यावाचून इलाज नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी चर्चमधलाच पंखा पुसताना शांतवन शिडीवरून पडला आणि उजव्या खांद्याचं हाड मोडून बसला. दीड महिना हात हलवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हाताचं ठीक होतं. उरलेल्या शांतवनचं काय करायचं, ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

नाव शांतवन, पण त्याला शांत बसलेला कुणी बघितला नव्हता. सहा दिवस उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथ मशीनवर, सकाळी आठ ते रात्री आठ. सातव्या दिवशी चर्च, आणि तिथं दुप्पट काम. लग्न झालं त्या वर्षापासून, म्हणजे एकतीस वर्षं, सतरंज्या, माईक, चहा, गेटावरच्या गाड्या, सगळी हमाली त्यानं हौसेनं अंगावर घेतली होती. त्याचा आजा मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकलेला. रिकामं मन सैतानाचं घर, हे आज्याचं वाक्य त्यांच्या घरात जेवणाआधीच्या प्रार्थनेइतक्याच नेमानं म्हटलं जायचं. शांतवनला देवाची भीती वाटत नव्हती. ऐतखाऊ म्हणून देवापुढं उभं राहायची मात्र फार वाटायची.

त्यात आज पिकांच्या उपकारस्तुतीचा रविवार. जो तो आपल्या कष्टाचं काही ना काही घेऊन येत होता. उचगावच्या एका कुटुंबानं गुळाची ढेप आणली होती. कुणाचा भोपळा, कुणाची पाय बांधलेली कोंबडी. शांतवन या दिवशी लेथवर घडवलेलं काहीतरी वेदीपुढं ठेवायचा. गेल्या वर्षीचा पितळी मेणबत्ती स्टँड अजून तिथंच होता. आज हातात काही नव्हतं. आपण उगाच आलो, असं त्याला राहून राहून वाटत होतं.

तो चहाच्या पातेल्याकडं गेला, तर बायकांनी हाकललं. गेटावर गेला, तर तिथं दोघंजण आधीच गाड्या लावून घेत होते आणि त्यांचं बरं चाललं होतं, याचंच त्याला वाईट वाटलं. शेवटी तो पायानंच दारातल्या चपला ओळीत लावायला लागला. तेवढ्यात चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब आले.

“शांतवनदादा, आज आनंदावर बोलणार आहे. आज तरी पूर्ण ऐका.”

“काम संपलं की ऐकतो की, साहेब.”

“ते कधी संपायचं?”

शांतवन पुढच्या चपलेकडं वळला. आनंद ही काम संपल्यावरची गोष्ट, अशी त्याची समजूत होती, आणि काम तर कधी संपलं नव्हतं. सगळ्या गीतांचं पहिलं कडवं त्याला तोंडपाठ होतं, दुसरं एकाचंही नाही. दुसऱ्या कडव्याला तो कुठंतरी वायर जोडत असायचा.

घंटा झाली. तो सवयीनं दारात उभा राहिला. दारातून त्याला सगळं दिसायचं. कुठला पंखा कुरकुरतो, कुठलं बाक डुगडुगतं, कुणाचं पोर रडायच्या बेतात आहे. चौथ्या बाकावर त्याची बायको एस्तेर बसली होती, आणि तिच्या शेजारी तिची काळी पर्स, नेहमीसारखी एका माणसाची जागा अडवून. गेल्या नाताळात त्यानं तिला भर गर्दीत झापलं होतं, “माणसं उभी हायत आणि पर्सला बसवतीस व्हय?” तिनं मुकाट्यानं पर्स मांडीवर घेतली होती. पुढच्या रविवारी पर्स पुन्हा आपल्या जागेवर. हट्टी बाई आहे, म्हणून त्यानं नाद सोडून दिला होता.

“आज दार माझ्याकडं,” आकारामनं त्याला आत ढकललंच. “बसा की, दादा.”

बाकं गच्च भरली होती. शांतवन मधल्या वाटेनं निघाला. सगळ्यांच्या नजरा आपल्या रिकाम्या हाताकडं लागल्यात, असं त्याला वाटत होतं. खरं तर जो तो आपापली टोपली सांभाळत होता. मोकळी जागा एकच होती. तो चौथ्या बाकापाशी येऊन थांबला. एस्तेरनं वर पाहिलं. पर्स उचलून मांडीवर घेतली. तो टेकला.

गीत सुरू झालं. पहिलं कडवं त्यानं दणक्यात म्हटलं. एस्तेर गायची थांबून ऐकत होती, पण त्याचं लक्ष वरच्या पंख्याकडं. दुसरं कडवं लागलं तशी तिनं गीतांचं पुस्तक त्याच्याकडं सरकवलं. तेवढ्यात माईक किंचाळला. सगळ्या माना सवयीनं दाराकडं वळल्या. शांतवनच्या जिवात जीव आला. एका हातानं का होईना, करण्यासारखं काहीतरी सापडलं होतं. तो उठलासुद्धा. बायकोच्या मांडीवरची पर्स घेऊन त्यानं आपल्या जागेवर ठेवली आणि तिच्या कानाशी वाकला.

“जागा धर. आलोच.”

एस्तेरनं पुस्तकातली नजर काढली नाही.

“एकतीस वर्सं जागाच धरलीया की मी.”